जुन्या खेळाची चाल

जुनी वस्तु सुधारावी कीं आहे तशी जपावी, हा वाद आतां देवळें व वाडे यांपुरताच उरलेला नाहीं. कोनामीचा ‘ग्रॅडियस ३’ हा अंतराळयुद्धाचा खेळ १९९० सालीं जपानांत सुपर फॅमिकॉम यंत्रासाठीं निघाला. पडद्यावर शत्रु व गोळ्या यांची दाटी झाली कीं यंत्राचे हिशेब वेळेंत पुरे होत ना; सेकंदास ६० वेळां चित्र पालटावयाचें तें साधत नसे, आणि सारा खेळच रेंगाळे.

२०१९ सालीं ब्राझीलमधील एका प्रोग्रामरानें पॅच रचून हें दुखणें घालविलें. ३.५८ मेगाहर्ट्झपलीकडे न जाणाऱ्या मूळ प्रोसेसरावरील भार त्यानें १०.७४ मेगाहर्ट्झच्या ‘एसए-१’ चिपेकडे सोंपविला. ही चिप कांहीं वर्षांनीं निघालेल्या कार्ट्रिजांतली. परंतु इम्युलेटर, म्हणजे संगणकांत जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, तिचेंहि सोंग आणतो. पॅचमध्यें खेळ नसतो, केवळ फरक असतो. मूळ प्रत ज्याची त्यानें मिळवावयाची.

येथवर कोणाची तक्रार नसावी. मात्र ज्या क्षणीं गोळ्यांचा वर्षाव होई त्याच क्षणीं यंत्र थकत असे, आणि खेळणारास निसटावयास अवधि मिळे. पॅच लावितांच तो अवधि गेला व खेळ पुष्कळच कठीण झाला! लहानपणीं तो जिंकलेल्यांनाहि आतां हार खावी लागते. कर्त्यांनीं खेळाची पारख त्या रेंगाळणाऱ्या यंत्रावरच केली असावी, असें आम्हांस वाटतें. म्हणून नवी प्रत खुशाल खेळावी, पण जुनी फाईल पुसूं नये.