जवानांच्या डॉक्टरांचे ऐकणार कोण?

चेन्नईच्या दक्षिणेला सुमारे ७० किलोमीटरवर कल्पाक्कमचे अणुऊर्जा केंद्र आहे. ८ ऑक्टोबर २०१४ च्या पहाटे तेथे तैनात असलेल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका हेड कॉन्स्टेबलने आपल्याच सहकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. तिघांचा मृत्यू झाला, दोघे जखमी झाले. बाहेरच्या हल्ल्यापासून अणुभट्टीचे रक्षण व्हावे म्हणून जे शस्त्र दिले होते, ते आतल्या माणसांवरच चालले. अशा प्रत्येक घटनेनंतर दिल्लीत काही ठरावीक शब्द उच्चारले जातात. चौकशी, समुपदेशन, योगासने, तणाव व्यवस्थापन. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. जवानाच्या प्रकृतीची जबाबदारी दलात नेमकी कोणाची आणि ज्याची ती आहे, त्याच्या हाती अधिकार कोणते?

हा प्रश्न एका दलाचा किंवा एका पहाटेचा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये राज्यसभेपुढे आलेल्या माहितीनुसार त्याआधीच्या पाच वर्षांत केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील ७३० जवानांनी आत्महत्या केली आणि ५५ हजारांहून अधिक जणांनी राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्ती घेऊन नोकरी सोडली. त्यातही लक्षात घेण्यासारखी बाब अशी की, आत्महत्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक घटना रजेवरून परतल्यानंतरच्या होत्या. म्हणजे घर आणि बराक यांच्यामधल्या उंबरठ्यावर माणूस कोसळतो. त्या उंबरठ्यावर त्याची नाडी पाहणारे कोणी नसते.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, भारत-तिबेट सीमा पोलीस यांसारख्या दलांतील डॉक्टरांचे एकत्रित संवर्ग २००४ मध्ये करण्यात आले आणि त्याच्या शिखरावर अतिरिक्त महासंचालक (वैद्यकीय) हे पद आले. जानेवारी २०२१ मध्ये 'आयुष्मान सीएपीएफ' योजना सुरू झाली. सुमारे दहा लाख जवान आणि त्यांचे कुटुंबीय यांना कार्डावर रोख पैसे न भरता उपचार मिळावेत, हा तिचा हेतू. त्याच वर्षी आत्महत्यांच्या कारणांचा शोध घेण्यासाठी गृह मंत्रालयाने कृतिदल नेमले. औद्योगिक सुरक्षा दलाने 'प्रोजेक्ट मन' या नावाने एका खासगी संस्थेच्या साहाय्याने चोवीस तास समुपदेशनाची सोय केली. या दलात २०२३ मध्ये २५ आत्महत्या झाल्या होत्या. २०२४ मध्ये तो आकडा १५ वर आला.

ही घट स्वागतार्ह आहे. तिच्यातला धडा मात्र नीट वाचला पाहिजे. समुपदेशनाच्या जोडीने दलाने बदल्यांचे धोरणही बदलले. आपल्या पसंतीची ठिकाणे कळवण्याची सोय जवानांना दिली. एका वर्षाच्या आकड्यांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे खरे. पण दिशा स्पष्ट आहे. जवानाची प्रकृती दवाखान्यात सुधारते त्याहून अधिक ती हजेरीपटावर बिघडते. ड्युटी किती तासांची, सलग किती रात्री जागायचे, रजा मंजूर होणार की नाही, मुलीच्या दहावीच्या वर्षी बदली कोठे होणार, याच गोष्टींवर रक्तदाब आणि झोप अवलंबून असते. आणि नेमक्या याच गोष्टींत दलातील डॉक्टरला औपचारिक आवाज नाही.

घोडे येथेच अडते. बटालियनमधला वैद्यकीय अधिकारी व्यावसायिकदृष्ट्या वैद्यकीय संवर्गाचा असतो. पण रोजच्या कारभारात तो कमांडंटच्या प्रशासकीय नियंत्रणाखाली असतो. अतिरिक्त महासंचालकांचे पद मोठे असले, तरी जवान, बराक, शस्त्रागार आणि रजेचे रजिस्टर प्रत्येक दलाच्या महासंचालकांच्या आणि त्यांच्या कमांडरांच्या ताब्यात असतात. डॉक्टर सल्ला देतो, निर्णय दुसरा घेतो. सल्ला मानला नाही, तर त्याची नोंद कोठे होते आणि ती कोण वाचतो, याचे उत्तर दलाबाहेर कोणालाही, अगदी संसदेलाही, सहज मिळत नाही.

औद्योगिक सुरक्षा दलाची अडचण आणखी वेगळी आहे. हे दल बटालियनच्या छावण्यांत एकवटलेले नाही. विमानतळ, बंदरे, अणुऊर्जा केंद्रे, तेलशुद्धीकरण कारखाने अशा सुमारे साडेतीनशे आस्थापनांत ते विखुरलेले आहे. सुरक्षेचा खर्च ती आस्थापना उचलते आणि उपचाराची सोयही अनेक ठिकाणी तिच्याच रुग्णालयावर अवलंबून असते. चेन्नईचे उदाहरण घ्यावे. शहराच्या वायव्येला आवडी येथे राखीव पोलीस दलाचे ग्रुप सेंटर आणि संयुक्त रुग्णालय आहे. मीनंबाक्कमचा विमानतळ, जॉर्ज टाउनलगतचे बंदर आणि दूर दक्षिणेचे कल्पाक्कम येथे औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा आहे. गणवेश केंद्राचे, मंत्रालय एक. पण या सगळ्या माणसांच्या आरोग्याकडे एकत्र पाहणारा, शहरात बसलेला एक जबाबदार वैद्यकीय अधिकारी नाही. विमानतळावरच्या तपासणीच्या रांगेत विदर्भातला किंवा मराठवाड्यातला एखादा तरुण उभा असतो. मराठी प्रवाशाने 'गाव कोणते?' असे विचारले की त्याचा चेहरा खुलतो. ज्या शहराची भाषा त्याला येत नाही, तेथे रात्रीची झोप उडाल्याचे तो कोणाला आणि कोणत्या भाषेत सांगणार?

सांगण्यातही धोका आहे. लष्कराप्रमाणे या दलांतही 'शेप' ही वैद्यकीय वर्गवारी चालते. मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी या पाच कसोट्यांवर जवानाची श्रेणी ठरते, आणि बढतीसाठी 'शेप-एक' श्रेणी लागते. शस्त्र हाती देताना अशी कसोटी असणे आवश्यकच आहे. पण जो डॉक्टर उपचार करणार, त्याच्याच अहवालावर बढती अडणार असेल, तर नैराश्याची पहिली लक्षणे दिसताच त्याच्याकडे जाण्याचे धाडस कोण करील? जवान गप्प राहतो, कमांडरला काही कळत नाही आणि डॉक्टरच्या नोंदवहीत 'सर्व ठीक' असते. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये झाला. रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क त्याने मान्य केला. बराकीच्या दारापर्यंत तो हक्क पोहोचला आहे, असे मात्र दिसत नाही.

वैद्यकीय नेतृत्वाची घडी नीट असली आणि नसली तर काय होते, याचे दोन्ही दाखले करोनाच्या साथीत दिल्लीतच मिळाले. एप्रिल-मे २०२० मध्ये मयूर विहार येथील राखीव पोलीस दलाच्या ३१ व्या बटालियनमध्ये शंभराहून अधिक जवान बाधित झाले. रजेवरून परतलेल्यांना किती दिवस वेगळे ठेवायचे, याबद्दल दलातूनच परस्परविसंगत सूचना निघाल्याचे त्या वेळच्या वृत्तांतून समोर आले होते. त्यानंतर दोनच महिन्यांत, जुलै २०२० मध्ये, छतरपूर येथे दहा हजार खाटांचे सरदार पटेल कोविड केंद्र उभे राहिले आणि त्याचे वैद्यकीय संचालन भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे सोपविण्यात आले. या डॉक्टरांत कर्तृत्वाची उणीव नव्हती, हे छतरपूरने दाखविले. जबाबदारी आणि अधिकार एका हाती दिले, तेथे काम झाले. ते दोन हातांत विभागले, तेथे गोंधळ झाला.

लष्कराने हा प्रश्न स्वातंत्र्याच्या पहाटेच हाताळला होता. डॉ. बिधनचंद्र रॉय यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर भूदल, नौदल आणि हवाई दलाच्या वैद्यकीय सेवा एका महासंचालकाखाली आल्या आणि १९४८ मध्ये पुण्यात सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. याच महाविद्यालयातून घडलेल्या लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर यांनी २९ फेब्रुवारी २०२० रोजी एकात्मिक संरक्षण मुख्यालयात वैद्यकीय उपप्रमुखपदाची सूत्रे घेतली. तिन्ही दलांच्या एकत्रित नियोजनाच्या टेबलावर एका डॉक्टरला स्थान मिळाले, हे त्या नेमणुकीचे खरे महत्त्व. गृह मंत्रालयाच्या दलांतील डॉक्टरांना असे स्थान नाही. अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्यानेही बरीच वर्षे विस्कळीत व्यवस्थेत घालविल्यानंतर २०२२ मध्ये मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र आरोग्य सुरक्षा कार्यालय उभारले. खात्यातील कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा विषयही त्याच छत्राखाली आणला गेला.

या संदर्भात चेन्नई हे शहर बरेच काही शिकवू शकते. येथील सरकारी सामान्य रुग्णालयाचे मूळ १६६४ मध्ये सेंट जॉर्ज किल्ल्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या आजारी शिपायांसाठी काढलेल्या छोट्या रुग्णालयात आहे. शिपाई आजारी पडला तर किल्ला पडतो, एवढा व्यवहार त्या व्यापाऱ्यांना कळत होता. आत्महत्या रोखण्यासाठी झटणारी 'स्नेहा' ही संस्था डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी याच शहरात १९८६ मध्ये स्थापन केली. तमिळनाडू पोलिसांनी बंगळुरूच्या निम्हान्सच्या मदतीने पोलिसांसाठी मानसिक स्वास्थ्याचा कार्यक्रम राबविला. तरीही जुलै २०२३ मध्ये कोइम्बतूर परिक्षेत्राच्या पोलीस उपमहानिरीक्षकांनी आत्महत्या केली. त्यांच्यावर नैराश्याचे उपचार चालू होते, असे पोलीस दलाच्याच वरिष्ठांनी सांगितले. हुद्दा माणसाला वाचवत नाही, आणि नुसता कार्यक्रमही वाचवत नाही.

मग सुधारणा अडते कोठे? उत्तर राजकीय आहे. या दलांच्या नेतृत्वाचा वाद भारतीय पोलीस सेवेतून येणारे अधिकारी आणि दलातून वर आलेले अधिकारी यांच्यात वर्षानुवर्षे चालू राहिला. न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या पीठाने २३ मे २०२५ रोजी संवर्ग आढावा घेण्याचा आणि महानिरीक्षक पदापर्यंतची प्रतिनियुक्ती टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा आदेश दिला, तोही याच वादात. या दोन बलाढ्य पक्षांच्या रस्सीखेचीत डॉक्टर हा तिसरा, संख्येने किरकोळ पक्ष. त्याच्यासाठी ना लॉबी, ना मतपेढी. संसदेच्या गृहविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०१८ मध्ये राखीव पोलीस दल, औद्योगिक सुरक्षा दल आणि राष्ट्रीय सुरक्षा रक्षक यांच्या कामाच्या परिस्थितीवर सविस्तर अहवाल दिला होता. समितीचे अध्यक्ष होते पी. चिदंबरम, म्हणजे २००८ ते २०१२ या काळातले गृहमंत्री. मंत्री असताना ज्यांच्या हाती आदेश होता, त्यांच्या हाती अध्यक्ष झाल्यावर फक्त शिफारस उरली. आपल्या व्यवस्थेत शहाणपण अनेकदा खुर्ची सुटल्यावर येते, हे कोणत्याही एका पक्षाचे वैशिष्ट्य नव्हे.

कमांडरांचा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. डॉक्टरला ड्युटीत ढवळाढवळ करू दिली तर शिस्त बिघडेल, कामचुकारांचे फावेल आणि निवडणुकीच्या किंवा दंगलीच्या बंदोबस्ताला माणसे कोठून आणायची, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर डॉक्टरला गप्प बसविणे हे नाही. अंतिम निर्णय कमांडरचाच राहू द्यावा. मात्र डॉक्टरचा सल्ला लेखी असावा, तो नाकारल्यास कारण लेखी द्यावे लागावे आणि दोन्ही कागद वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जावेत. विमानाचा वैमानिक थकला असेल तर त्याला उड्डाण करू देत नाहीत. त्यामुळे विमान कंपनीची शिस्त बिघडत नाही. भरलेली रायफल घेऊन अणुभट्टीच्या फाटकावर उभा राहणारा माणूस त्यापेक्षा कमी जोखमीचे काम करत नाही.

करायच्या गोष्टी तीन आहेत आणि त्यांना फारसा पैसा लागत नाही. पहिली, उपचार करणारा डॉक्टर आणि श्रेणी ठरविणारे मंडळ पूर्णपणे वेगळे करावेत, म्हणजे मदत मागणे ही बढतीची किंमत ठरणार नाही. दुसरी, चेन्नईसारख्या प्रत्येक मोठ्या शहरात सर्व केंद्रीय दलांसाठी एक वरिष्ठ वैद्यकीय अधिकारी जबाबदार असावा. बदली, रजा आणि ड्युटीच्या तासांच्या बैठकीत त्याला पाहुणा म्हणून बोलावू नये, सदस्य म्हणून बसवावे. तिसरी, या दलांच्या आरोग्याचा अहवाल दरवर्षी संसदेपुढे आपणहून मांडला जावा. आज आत्महत्यांचा आकडा संसदेपुढे बहुधा एखाद्या खासदाराने प्रश्न विचारला की येतो, आणि प्रश्नोत्तराचा तास गदारोळात बुडाला की त्यावर चर्चाही होत नाही.

घाई करण्याचे कारणही आहे. औद्योगिक सुरक्षा दलाचे मंजूर संख्याबळ १ लाख ६२ हजारांवरून २ लाख २० हजारांवर नेण्यास गृह मंत्रालयाने २०२५ मध्ये मान्यता दिली. त्याच वर्षी मार्चमध्ये दलाचा ५६ वा स्थापना दिवस चेन्नईजवळच्या अरक्कोणम येथील प्रशिक्षण केंद्रात साजरा झाला आणि त्या केंद्राला राजादित्य चोळाचे नाव देण्यात आले. रणांगणावर धारातीर्थी पडलेल्या राजपुत्राचे नाव नव्या भरतीला स्फूर्ती देईल, यात शंका नाही. पण त्या मैदानावरून बाहेर पडणाऱ्या हजारो तरुणांपैकी बहुतेकांना मोठ्या रणांगणाला सामोरे जावे लागणार नाही. त्यांना सामोरे जायचे आहे ते बारा महिन्यांच्या रात्रपाळीला, हजार मैलांवरच्या घराला आणि कोणाला न सांगितलेल्या एकटेपणाला. त्या लढाईत त्यांच्या बाजूने अधिकाराने बोलणारा एक माणूस दलात असावा, एवढीच ही मागणी आहे. वर्षानुवर्षे नॉर्थ ब्लॉकमध्ये पडून राहिलेल्या या फायली आता कर्तव्य भवनात गेल्या आहेत. नव्या इमारतीच्या नावातच उत्तर आहे. ते वाचण्याची इच्छा तेवढी हवी.