भक्ती त्यांची, जबाबदारी कोणाची?

२०२५ च्या जानेवारी महिन्यात १८, १९ आणि २१ या तीन तारखांना नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर ‘कोल्डप्ले’ या इंग्रज रॉक वाद्यवृंदाचे जलसे झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून श्रोते त्यांना लोटले, आणि त्यांत आमच्या नाशिकची तरुण मंडळीही होती. कोणी पंचवटी एक्सप्रेसने गेले, कोणी चौघांनी मिळून मोटार ठरविली, आणि रात्री जलसा आटोपल्यावर कसारा घाट चढून पहाटेच्या सुमारास डोळे चोळीत घरी परतले. शिमगा सरला तरी कवित्व उरते म्हणतात, तसे या जलशांचे कवित्व पुढे कितीतरी दिवस चालू होते. घरोघरी त्याविषयी दोन तट पडले. मुले म्हणत, आयुष्याचे सार्थक झाले; वडील म्हणत, पैशांचा चुराडा झाला. या वादात तिसऱ्याच एका पक्षाची जबाबदारी मात्र कोणी फारशी विचारली नाही. ती विचारण्यासाठी आम्ही आज ही लेखणी उचलली आहे.

प्रथम त्या तरुणांविषयी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एकत्र आलेल्या चौघा मित्रांच्या या वृंदाची पहिली ध्वनिमुद्रित गीतमाला २००० साली निघाली. त्या वेळी जी मुले महाविद्यालयात होती ती आज चाळिशी ओलांडून गेली आहेत, आणि त्यांची मुले आता तीच गीते ऐकत आहेत. नोव्हेंबर २०१६ मध्ये हा वृंद मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर एकदा गाऊन गेला होता. त्यानंतर आठ वर्षे लोकांनी वाट पाहिली. ज्यांनी ही गीते परीक्षेच्या रात्री एकट्याने ऐकली, नोकरीच्या गावी भाड्याच्या खोलीत ऐकली, त्यांना ती गाणारा माणूस डोळ्यांसमोर उभा दिसला आणि भोवतालचे हजारो अनोळखी लोक तेच शब्द आपल्याबरोबर म्हणताना ऐकू आले. प्रत्येकाच्या मनगटावर दिलेले पट्टे एकाच वेळी उजळत होते आणि सारे क्रीडांगण एकच रंग धारण करीत होते. अशा क्षणी एखाद्याच्या डोळ्यांत पाणी आले असेल, तर त्यात हसण्यासारखे काय आहे?

तरीही हसणारे हसलेच. परक्या भाषेतील गाणी, परक्या चालीरीती, नाचणे आणि ओरडणे, याला भक्ती कसली म्हणावयाची, असा त्यांचा सवाल आहे. वारकऱ्याची निष्ठा आणि श्रोत्याची आवड एकाच तराजूत घालण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पौष महिन्यातील कडाक्याच्या थंडीत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरी पायी जाणाऱ्या दिंड्या या शहराने पिढ्यान् पिढ्या पाहिल्या आहेत. त्या पायांतील बळ निराळे आणि त्यामागील शतकांची परंपराही निराळी. परंतु आवडत्या स्वरासाठी देह कष्टविणे, रांगेत तिष्ठणे, पदरमोड करणे आणि परतल्यावर त्याच आठवणींवर वर्ष काढणे, ही गोष्ट महाराष्ट्राला परकी आहे असे म्हणणाऱ्यास आमचा इतिहास ठाऊक नाही.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी नट ‘संयुक्त मानापमाना’त एका रंगमंचावर उभे राहिले. तो प्रयोग पाहण्यासाठी रसिकांची केवढी झुंबड उडाली, हे आजही नाट्यप्रेमी मंडळी अभिमानाने सांगतात. बालगंधर्वांच्या एकेका पदाला पुन्हा पुन्हा ‘वन्स मोअर’ घेणारे आमचे आजोबाच होते. नारायणरावांच्या नेसण्याची आणि केशरचनेची नक्कल घरोघरी झाली तीही आमच्याच समाजात. १९५३ साली भीमसेन जोशी यांनी पुण्यात सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात शाल पांघरून, सतरंजीवर बसून रात्री जागविणाऱ्या श्रोत्यांस कोणी वेडे म्हटले नाही. खुद्द नाशिकचे उदाहरण तर याहून बोलके आहे. पंचवटीत रामनाम आधाराश्रम स्थापन करणारे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी राजेरजवाड्यांच्या आश्रयातले संगीत तिकीट लावून सामान्य जनांपुढे आणले, गवयाला समाजात मान मिळवून दिला आणि श्रोत्याला शिस्त शिकविली. पैसे देऊन, जागा राखून, हजारोंच्या संगतीने गाणे ऐकण्याची जी प्रथा आज इतकी स्वाभाविक वाटते, ती रुजविणाऱ्यांत या पंडितजींचे स्थान फार वरचे आहे. आता सूर बदलला, वाद्ये बदलली, भाषा बदलली. ऐकणाऱ्याची तहान मात्र तीच राहिली.

तेव्हा तरुणांच्या आवडीची टिंगल करणाऱ्यांस आमचे इतकेच सांगणे की, ज्याला कशाचीच ओढ नाही अशा मुलापेक्षा एखाद्या स्वरासाठी पाच मैल चालणारा मुलगा आम्हांस अधिक आशादायक वाटतो. परंतु वडिलांच्या तक्रारीतील पैशाचा भाग आम्ही झटकून टाकू इच्छीत नाही. खरा प्रश्न तेथेच सुरू होतो.

या जलशांची तिकिटे २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत होती. नुकत्याच नोकरीस लागलेल्या तरुणास त्यांतील स्वस्तातले तिकीटही सहज परवडणारे नव्हे. तथापि किंमत उघड सांगितलेली होती. पटेल त्याने द्यावी, न पटेल त्याने घरी बसावे. पण पुढे जे घडले त्याला व्यापार म्हणणे हा प्रामाणिक व्यापाऱ्याचा अपमान होईल. २२ सप्टेंबर २०२४ रोजी, रविवारी, भर दुपारी विक्री सुरू झाली आणि यंत्रणा कोलमडली. संगणकापुढे बसलेल्यांना आपला रांगेतील क्रमांक लाखांच्या घरात असल्याचे दिसले. दोन जलशांची तिकिटे संपली, तिसरा जाहीर झाला, त्याचीही संपली. आणि ज्या तिकिटांसाठी लाखो लोक हात चोळीत बसले होते, तीच तिकिटे थोड्याच वेळात अन्य ठिकाणी अनेक पटींनी, काही तर लाखो रुपयांना, विक्रीस मांडलेली दिसली. पुढे पोलिसांकडे तक्रारी गेल्या आणि सक्तवसुली संचालनालयाने छापे घातले. पण ज्याचे तिकीट हुकले त्याचे हुकले, आणि ज्याने चौपट पैसे मोजले त्याचे पैसे गेले.

पूर्वी चित्रपटगृहाबाहेर ‘दस का बीस’ म्हणत फिरणाऱ्या फाटक्या पोराला शिपाई मानगुटीस धरून चौकीवर नेत असे. आज तोच धंदा वातानुकूलित खोलीत बसून, यंत्रांच्या साहाय्याने, हजार पटींनी मोठ्या प्रमाणावर चालतो, आणि त्याला धरावयास कायद्याचा हात पुरत नाही. मुंबई उच्च न्यायालयापुढे या काळ्याबाजारास आळा घालण्यासाठी मार्गदर्शक नियम मागणारी याचिका आली, तेव्हा न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ती फेटाळली. कायदे करणे हे न्यायालयाचे काम नव्हे, ही त्यामागील भूमिका आम्हांस मान्य आहे. मग ज्यांचे ते काम आहे त्यांनी ते करावे. आयर्लंडसारख्या लहानशा देशाने २०२१ साली कायदा करून मोठ्या कार्यक्रमांची तिकिटे मूळ किमतीहून अधिक दराने पुन्हा विकण्यास बंदी घातली. जे त्यांना साधले ते महाराष्ट्राच्या विधिमंडळास न साधण्यासारखे काय आहे?

पैशाची हानी एक वेळ भरून निघते. जिवाची निघत नाही. ३ डिसेंबर १९७९ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात ‘द हू’ या रॉक वृंदाच्या जलशाआधी दारांशी चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचा बळी गेला. बहुतेक तिकिटे राखीव जागांची नव्हती. जो आधी आत शिरेल त्याला पुढची जागा, असा प्रकार होता. बाहेर हजारो लोक आणि उघडलेली दारे मोजकी! त्या शहराने महिन्याभरात अशी विनाराखीव बैठक बंद केली. ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी क्रीडांगणाबाहेर आपल्या आवडत्या क्रिकेट संघाच्या विजयोत्सवासाठी जमलेल्या गर्दीत ११ जण चिरडून मेले. ते गाण्याचे भक्त नव्हते, खेळाचे होते. पण मरण एकाच रीतीने आले. आणि आम्हां नाशिककरांस ही गोष्ट दुसऱ्या कोणी सांगावयास नको. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या पर्वणीस रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर तीसहून अधिक भाविक चेंगरून गेले, तो दिवस हे शहर विसरलेले नाही. अशा प्रत्येक प्रसंगानंतर ‘गर्दी अनावर झाली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. यात दोष मेलेल्यांच्याच माथी येतो. वस्तुतः गर्दी किती येणार हे ज्यांनी तिकिटे विकली, आमंत्रणे दिली, परवाने दिले त्यांना आधी ठाऊक असते, निदान असावयास हवे.

हा प्रश्न केवळ मुंबईचा नाही. आमच्या शहरालगत गंगापूरच्या द्राक्षमळ्यांत २००८ सालापासून ‘सुलाफेस्ट’चे संगीतोत्सव भरत आले आहेत आणि त्यांस मुंबई-पुण्याची तरुण मंडळी मुक्कामाला येतात. शहर वाढत आहे, रस्ते रुंदावत आहेत. उद्या याहून मोठे जलसे येथे होतील आणि ते व्हावेत, अशीच आमची इच्छा आहे. म्हणूनच नगरपालक आणि पोलीस अधिकारी यांना आमच्या काही स्पष्ट सूचना आहेत. परवाना देण्यापूर्वी मैदानात किती माणसे मावतात हे मोजून जाहीर करावे आणि त्याहून एक तिकीट अधिक विकू देऊ नये. आत येण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या वाटा निरनिराळ्या असाव्यात आणि दारे वेळेवर उघडावीत. पिण्याचे पाणी फुकट आणि हाताशी असावे. उन्हात चार तास उभ्या असलेल्या माणसास पाण्यासाठी खिसा चाचपावयास लावणे ही संस्कृती नव्हे. मध्यरात्री परतणाऱ्या मुलींसाठी बसगाड्यांची सोय असावी. तिकिटांपैकी किती सर्वसामान्यांस विकली आणि किती पुरस्कर्त्यांस व बड्यांस वाटली, याचा हिशेब कार्यक्रमानंतर प्रसिद्ध करावा. आणि कार्यक्रम रद्द झाला तर पैसे ठरावीक मुदतीत परत मिळावेत. यांतील एकही गोष्ट अशक्य नाही. पर्वणीच्या दिवशी लाखो भाविकांची व्यवस्था करणाऱ्या शहराला काही हजार श्रोत्यांची व्यवस्था जड जावी, हे आम्ही मानावयास तयार नाही.

तरुण मित्रांसही दोन शब्द. कर्ज काढून तिकीट घेऊ नका. काळ्याबाजारात एक पैसाही देऊ नका. तुम्ही देता म्हणूनच तो बाजार भरतो. पुढच्याला ढकलून पुढे जाण्यात भक्ती नाही. शेजारचा घेरी येऊन पडला तर गाणे सोडून त्याला उचलण्यात ती आहे. इतके पाळलेत तर तुमच्या आवडीस नावे ठेवणाऱ्यांची तोंडे आपोआप बंद होतील.

यात्रेकरू हा गावाचा पाहुणा असतो, त्याला लुबाडणे हे पाप होय, ही शिकवण गोदाकाठच्या या क्षेत्राला नवी नाही. ती नेहमीच पाळली गेली असे नाही, परंतु ती चुकीची आहे असे कोणी कधी म्हटले नाही. गाण्याच्या ओढीने आलेल्या तरुणास तीच शिकवण लागू करा, एवढेच आमचे मागणे आहे. तो आपल्या वाट्याचे सारे काही करून आलेला असतो: पैसे साठविलेले असतात, रजा मागितलेली असते, रात्रभराचा प्रवास केलेला असतो. दाराशी पोहोचल्यावर त्याला माणसाप्रमाणे आत घेणे आणि सुखरूप घरी धाडणे, हे काम ज्यांनी त्याच्याकडून पैसे घेतले त्यांचे आहे. ते करून घेणे हे ज्यांच्या हाती परवान्याची लेखणी आहे त्यांचे कर्तव्य आहे. ते त्यांनी अपघाताची वाट न पाहता करावे.