दोन दिवसांचा युकातान

दिवाळी संपली की शाळा-कॉलेजांत सहलींचे बेत सुरू होतात. म्हणूनच या अंकाचा विषय अभ्याससहल, आणि मुखपृष्ठावर आहे मेक्सिकोतला युकातान. मेरिदा शहरातल्या विद्यार्थ्यांना शनिवारी उश्मालचे माया अवशेष आणि रविवारी इझामालसारखं पिवळ्या भिंतींचं वसाहतकालीन गाव सहज गाठता येतं.

इझामालला मात्र घाई करू नये. तिथला फ्रान्सिस्कन मठ सोळाव्या शतकात माया मंदिराच्या प्रचंड चौथऱ्यावर, त्याच मंदिराचे दगड वापरून बांधला गेला. त्या कामामागचे पाद्री दिएगो दे लांदा यांनी १५६२मध्ये मानी गावात माया पोथ्या जाळल्या. आणि मायांविषयी आज जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं लांदा यांच्याच लेखनातून येतं! हा गुंता फळ्यावर समजावणं कठीण. त्या चौथऱ्याच्या पायऱ्या चढताना तो उमगतो.

पोथ्या जळाल्या, पण माया लोक नाहीसे झालेले नाहीत. युकातान द्वीपकल्पात आजही लाखो लोक माया भाषा बोलतात. अवशेष दाखवणाऱ्या सहलीत ही माणसं भेटलीच पाहिजेत, असं आम्हाला ठामपणे वाटतं. त्यामुळे या अंकात नुसती स्थळांची यादी देणं आम्ही टाळलं आहे.

तुमच्या सहलीत तुम्ही कोणाशी बोललात? आम्हाला जरूर कळवा.