जेली आळते की सेट होते?

गेल्या उन्हाळ्यात मी घरी मोगऱ्याची जेली करून पाहिली. त्यात फारसे विशेष काही नाही. मीरा रोडच्या आमच्या घराच्या गॅलरीत कुंडीत मोगरा आहे. एप्रिल-मे महिन्यांत तो भरभरून फुलतो, आणि माठात दोन फुले टाकून झाली की उरलेल्यांचे काय करावे हा प्रश्न दरवर्षी पडतो. जेली जमली. परंतु तिची कृती एका मैत्रिणीला मराठीत लिहून पाठवायला बसले तेव्हा शेवटच्या वाक्याशी अडले. 'मग मिश्रण वाट्यांत ओत आणि ते...' ते काय होऊ दे? हातून आपसूक 'सेट' हा शब्द लिहिला गेला. गेली अनेक वर्षे मी मराठी साहित्य शिकवते. कवितेतल्या एका क्रियापदावर अख्खा तास खर्च करण्याची मला सवय आहे. आणि स्वतःच्या ओट्यावर, स्वतःच्या डोळ्यांसमोर जे घडत होते, त्याला माझ्याजवळ क्रियापद नव्हते.

हा लेख त्या एका रिकाम्या जागेविषयी आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: भाषेला परक्या नामांपासून फारसे भय नसते, तिचे खरे नुकसान क्रियापदे जाण्याने होते. आणि हे नुकसान सर्वांत आधी स्वयंपाकघरात होते, जिथे आम्हा साहित्याच्या माणसांचे लक्ष नसते.

आधी कृतीच सांगते, कारण मुद्दा तिच्यातच आहे. फुले घरच्या झाडाची हवीत. बाजारातल्या गजऱ्याच्या फुलांवर कोणते औषध फवारले असेल याचा भरवसा नसतो. संध्याकाळी उमलू लागलेल्या वीस-पंचवीस कळ्या देठ काढून, हलकेच धुऊन, उकळून गार केलेल्या पाव लिटर पाण्यात टाकाव्यात आणि भांडे झाकून ठेवावे. मोगरा रात्री उमलतो, आणि सकाळपर्यंत पाणी वास धरते. मग फुले गाळून काढावीत. दुसरीकडे पाच ग्रॅम चायना ग्रासचे धागे कात्रीने बारीक कापून आणखी पाव लिटर पाण्यात वीसेक मिनिटे भिजवावेत व मंद आचेवर, अधूनमधून ढवळत, एकही धागा दिसेनासा होईपर्यंत उकळावेत. धागे पुरते विरघळल्यावरच चार मोठे चमचे साखर घालावी. गाळून घ्यावे, उकळीचा जोर ओसरू द्यावा, आणि मग मोगऱ्याचे पाणी त्यात मिसळावे. लिंबू पिळायचे असेल तर तेही आता, कारण आंबटासह उकळले की चायना ग्रासची पकड सैल पडते.

पहिल्या खेपेला मी चुकले होते. फुलांचे पाणी सरळ उकळत्या पातेल्यात ओतून तेही पाच मिनिटे उकळले. मोगरा उडून गेला आणि मागे उरला तो शिजलेल्या पाल्यासारखा एक वास. दुसऱ्या खेपेला उकळण्याची चूक टाळली, पण फुलांचे पाणी फ्रिजमध्ये ठेवलेले होते. ते गरम मिश्रणात पडताच भांड्याच्या कडेला गुठळ्या धरल्या. या पदार्थाची सारी गंमत आणि सारी अडचण इथेच आहे. चायना ग्रासला विरघळण्यासाठी जवळजवळ उकळीची उष्णता लागते, आणि फुलाच्या वासाला तीच उष्णता सोसत नाही. एकदा विरघळलेले चायना ग्रास मात्र चाळीस अंशांच्या खाली येईपर्यंत पातळ राहते. या दोहोंमधल्या अवकाशात, पातेले गरम आहे पण उकळत नाही अशा वेळी, साध्या तापमानाचे फुलांचे पाणी आत गेले पाहिजे. पुढे फ्रिजचीही गरज नाही. वाट्या ओट्यावर ठेवल्या तरी तासाभरात जेली तयार होते.

तयार होते म्हणजे नेमके काय होते?

मराठीत पातळाचे घट्ट होण्याला किती क्रियापदे आहेत ते पाहा. पाणी गोठते. तूप थिजते. रक्त साकळते. दूध विरजते आणि दही लागते. बासुंदी आटते. साखरेचा पाक येतो. यांतले एकही क्रियापद दुसऱ्याच्या जागी चालत नाही. तूप गोठले म्हटले तर आजीने हसून दुरुस्त केले असते, आणि रक्त थिजले हे आपण केवळ भीतीच्या वर्णनात, अलंकार म्हणून म्हणतो. या प्रत्येक शब्दात पदार्थाचे एक निरीक्षण साठवलेले आहे. थिजण्यात स्निग्धपणा आहे, आटण्यात आच आणि वेळ आहे, विरजण्यात बाहेरून आलेले थेंबभर काही आहे. 'सेट होणे' यांपैकी काहीच सांगत नाही. जेली, केस, सिमेंट आणि माणसाचे आयुष्य, सारे काही त्यात एकसारखे 'सेट' होते.

हवे असलेले क्रियापद मला शब्दकोशात सापडले नाही. ते आमच्या मजल्यावरच्या एका वयस्कर शेजारणीकडे मिळाले. त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमान. आम्ही सगळे त्यांना खाला म्हणतो. रमजानात त्यांच्याकडे दूध आणि गुलाबपाणी घातलेले चायना ग्रास हमखास होते, आणि ताटलीवर रुमाल टाकून आमच्याकडे येते. माझ्या वाट्या पाहायला त्या आल्या, एक वाटी किंचित तिरकी केली आणि म्हणाल्या, "थांब गो बाय, अजून आळलं नाय."

आळणे! हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता. पिठले आळते. खीर गार झाल्यावर आळते, म्हणून ती चुलीवरून उतरवताना थोडी पातळच ठेवायची, हे आईने शिकवले होते. आच थांबल्यानंतर, हात न लावता, पदार्थाने आपणहून दाट होणे हा त्या शब्दाचा अर्थ. आटणे चुलीवर घडते, आळणे चुलीवरून उतरवल्यावर. जेलीच्या बाबतीत जे होते ते हुबेहूब हेच आहे. ज्या शब्दाची उणीव म्हणून मी खंत करीत होते तो माझ्याजवळच होता. नव्या पदार्थाला तो लावायचे धैर्य तेवढे माझ्यात नव्हते. खालांनी ते सहज केले. त्यांच्या लेखी भाषा ही जपून ठेवायची वस्तू नव्हतीच, तिच्यातून काम करून घ्यायचे होते.

मी राहते त्या गावाचा संदर्भ इथे टाळता येणार नाही. मीरा-भाईंदर महानगरपालिका २००२ साली झाली. त्याआधी ही गावे होती, आणि खाडीलगत मिठागरे होती. २०२५च्या जुलै महिन्यात हे नाव साऱ्या देशात गाजले, कारण मराठी बोलण्याच्या वादातून एका दुकानदाराला मारहाण झाली, मग व्यापाऱ्यांचा मोर्चा निघाला, आणि पाठोपाठ मराठीच्या बाजूने मोठा मोर्चा निघाला. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळून तेव्हा वर्षही झाले नव्हते. इथल्या व्यवहारात मराठीला स्थान हवे ही मागणी मला रास्त वाटते. मारहाण रास्त वाटत नाही. पण त्या दिवसांत राहून राहून एक विचार मनात येत होता. दुकानाच्या पाटीवर मराठी आणता येईल, कायद्याने आणता येईल. पातेल्यात ती कोण आणणार? आणि ज्या वस्तीकडे बोट दाखवून 'इथे मराठी उरली नाही' असे म्हटले जाते, त्याच वस्तीतल्या एका म्हातारीने माझे हरवलेले मराठी क्रियापद मला परत दिले, याची नोंद कोणत्या मोर्चात होणार?

याच भूमीतले आणखी एक उदाहरण देते. मिठागरात मीठ 'पिकते'. खाऱ्या पाण्याचे क्षार उन्हाने कोरडे होऊन खाली बसतात, त्या क्रियेला इथल्या कष्टकऱ्यांनी शेतीचे क्रियापद लावले. मिठाचे पीक येते, मीठ पिकवतात. शाळेत आम्ही त्याच क्रियेला स्फटिकीकरण म्हणायला शिकलो. तो शब्द अचूक आहे, परंतु त्याला घाम आलेला नाही. 'पिकणे' हा शब्द घडवणारी मराठी कोणत्याही नव्या पदार्थापुढे अडून राहिली नसती.

आता नामाविषयी. चायना ग्रास हे नाव चुकीचेच आहे. ते गवत नाही. तांबड्या रंगाच्या समुद्रशेवाळापासून ते निघते. जपान्यांनी त्याला स्वतःचे नाव दिले, 'कांतेन', म्हणजे थंडीतले आकाश. कारण हिवाळ्यात ते रात्री उघड्यावर गोठवून आणि दिवसा वाळवून तयार करीत. नावातच कृती आली. मलय लोकांचा शब्द 'अगर-अगर', तो जगभर गेला आणि प्रयोगशाळेतही पोचला. तिथे तो कसा पोचला ती कथा साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावी. १८८१ साली जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वाल्थर हेसे हे जंतू वाढवण्यासाठी जिलेटिन वापरत होते, आणि उन्हाळ्यात ते वितळून जाई. त्यांची पत्नी फॅनी हेसे घरी गोड पदार्थांसाठी अगर वापरत असे; जावाशी संबंध असलेल्या परिचितांकडून ते तिच्या माहेरी आले होते. तिने ते सुचवले आणि सूक्ष्मजीवशास्त्राची पद्धतच बदलली. कॉख यांच्या १८८२च्या क्षयरोगावरील निबंधात अगरचा उल्लेख आहे, फॅनीचा नाही. स्वयंपाकघरातून ज्ञान बाहेर पडते तेव्हा ते देणारीचे नाव मागे राहते. निदान शब्द तरी सोबत जावा, एवढीच माझी मागणी आहे.

यावर आक्षेप येईल की हा शुद्धीवाद आहे. तसे नाही. 'जेली' हा शब्द मला मान्य आहे. तिला दुसरे नाव शोधण्याची मला गरज वाटत नाही. चायना ग्रासही, चुकीचे असले तरी, असू द्यावे. वाण्याकडे तेच मागावे लागते. 'सेट होणे' हेही व्याकरणाने मराठीच आहे. माझी तक्रार शब्दाच्या कुळाविषयी नसून त्याच्या आळसाविषयी आहे. देशी शब्दही तितकेच आळशी असू शकतात. 'तोंडात टाकताच विरघळते' हे खाद्यलेखनातले घासून गुळगुळीत झालेले वाक्य घ्या. जिलेटिनची जेली खरोखर विरघळते, कारण ती शरीराच्या उष्णतेला वितळते. चायना ग्रासची वितळत नाही. तिला पुन्हा पातळ व्हायला पंचाऐंशी अंशांच्या आसपास उष्णता लागते. ती दाताखाली हलकेच मोडते, आणि मोडल्यावर आतला मोगरा सुटतो. जो लेखक तिला 'विरघळते' म्हणतो त्याने ती खाल्लेली नाही, किंवा खाताना लक्ष दिलेले नाही. शुद्ध मराठीत लिहूनही तो खोटे लिहितो.

लक्ष देणे हेच तर आपण साहित्याच्या वर्गात शिकवतो. मग पाककृतीच्या गद्याकडे आपले लक्ष का नाही? मराठीत छापील पाकग्रंथांची परंपरा १८७५च्या 'सूपशास्त्रा'पासून आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली 'गृहिणीमित्र'मध्ये हजार कृती दिल्या, आणि त्यांना नाव दिले 'पाकक्रिया'. १९७०च्या 'रुचिरा'ने कमलाबाई ओगल्यांचा हात घरोघरी पोचवला. गद्याच्या इतिहासात निबंध, चरित्र, प्रवासवर्णन यांना प्रकरणे मिळतात. आज्ञार्थी क्रियापदांनी चालणाऱ्या या काटेकोर गद्याला, ज्यात एक शब्द चुकला तर पदार्थ बिघडतो, तळटीपही मिळत नाही. 'पाकक्रिया' या शब्दात क्रिया होती. 'रेसिपी'त ती उरलेली नाही, आणि कदाचित म्हणूनच आपण इतक्या निश्चिंतपणे तिच्यातली क्रियापदे सांडत चाललो आहोत.

माझी सूचना अगदी लहान आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाला निबंधाऐवजी एकदा एक कृती लिहायला द्यावी. घरातल्या किंवा शेजारच्या वयस्कर बाईला विचारून, तिने वापरलेली क्रियापदे जशीच्या तशी ठेवून. मी हे यंदा करणार आहे.

मैत्रिणीला पाठवलेल्या कृतीतले शेवटचे वाक्य मी खोडून पुन्हा लिहिले: 'मिश्रण वाट्यांत ओत आणि आळू दे.' तिने फोन करून विचारले, आळू म्हणजे अळूची पाने का? मला हसू आले, आणि मग मी तिला समजावून सांगितले.