घरघर टायरची की बेअरिंगची?



‘गाडी घरघरली की टायर बदला’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला मला पटत नाही. अशाने चार नवे टायर बसतील आणि आवाज तसाच राहील.

टायरचा आवाज डांबरावरून काँक्रीटवर येताच बदलतो. बेअरिंगची घरघर वेगाबरोबर चढते आणि वळणावर कमीजास्त होते. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो. तेव्हा ती वाढली, तर संशय बहुधा डाव्या बाजूवर. मग गाडी स्टँडवर घेऊन चाक एका हाताने फिरवावे, दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवावा. खराब बेअरिंगची खरखर तिथे जाणवते. (चाक फक्त आडवे हलत असेल, तर आधी टाय रॉड पाहावा.)

पुण्यात हा प्रश्न किरकोळ नाही. २५ जुलै २०२४ रोजी मुठेचे पाणी एकतानगरीत शिरले, गाड्या बुडाल्या. सील झिजलेले असेल तर असे पाणी आत जाते, ग्रीस बिघडते, गंज धरतो. आवाज मात्र नंतर सुरू होतो.

बसवण्याबद्दल तर पत्रात अवाक्षर नाही! नाना पेठेतून अस्सल बेअरिंग आणले, तरी हातोड्याने ठोकले की गोळ्यांच्या धावेवर खड्डे पडतात. बेअरिंग नकलमध्ये (चाक धरणाऱ्या भागात) बसवताना प्रेसचा दाब बाहेरच्या कड्यावरच हवा, आणि हब बसवताना आतल्या कड्याला आधार. एबीएस असल्यास चुंबकी सीलची बाजू सेन्सरकडे ठेवावी. अ‍ॅक्सलचा नट नवा घेऊन टॉर्क रेंचनेच आवळावा, आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच.

– एक वाचक, पुणे