घाटात गाडी लागते का?

शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडते, टाकेही चांगले असतात. पण घरी आलेल्या रुग्णाला विचारलं तर पहिली आठवण निघते ती उलट्यांची. संपूर्ण भूल दिलेल्या साधारण तीनपैकी एका रुग्णाला नंतर मळमळ किंवा उलट्या होतात. ‘भूल म्हटली की एवढं व्हायचंच’ अशी समजूत घालून विषय संपवला जातो. तो तिथे संपू नये.

हा त्रास कोणाला होईल याचा अंदाज आधीच बांधता येतो. भूलतज्ज्ञ ख्रिश्चन आप्फेल आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये त्यासाठी चार निकष मांडले : रुग्ण स्त्री असणं, धूम्रपान न करणं, गाडी लागत असणं किंवा पूर्वी भुलीनंतर उलट्या झालेल्या असणं, आणि शस्त्रक्रियेनंतर मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं द्यावी लागणं. यातलं काहीच लागू नसेल तर त्रासाची शक्यता सुमारे १० टक्के. चारही लागू असतील तर सुमारे ८० टक्के.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन तासांतल्या उलट्यांचं मुख्य कारण म्हणजे श्वासावाटे दिली जाणारी भूल. सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन, डेसफ्लुरेन यांत या बाबतीत फारसा फरक नाही. म्हणून एकाऐवजी दुसरं वापरून काही साधत नाही. जोडीला नायट्रस ऑक्साइड तासाभराहून अधिक वेळ दिला, तर धोका आणखी वाढतो. ज्यांना धोका जास्त आहे, त्यांना शिरेतून प्रोपोफॉल देऊन वायूविना भूल देता येते. पाच हजारांहून अधिक रुग्णांवरच्या २००४ च्या अभ्यासात प्रोपोफॉलमुळे धोका सुमारे १९ टक्क्यांनी घटला. ऑनडॅनसेट्रॉन आणि डेक्सामेथासोन या नेहमीच्या, स्वस्त औषधांपैकी प्रत्येकाने तो सुमारे पाव हिश्श्याने कमी केला.

प्रत्येकाला वायूविना भूल हवीच असं नाही. तो निर्णय भूलतज्ज्ञांचाच. पण निर्णयासाठी माहिती लागते. भूलपूर्व तपासणी घाईत उरकली, की रक्तदाब, साखर, दमा विचारला जातो आणि हा प्रश्न राहून जातो. प्रत्येक रुग्णालयाच्या तपासणी अर्जावर तो मराठीत छापलेला असावा. रुग्णांनीही ही गोष्ट क्षुल्लक समजून गिळू नये. घाट चढताना खिडकीची जागा मागणाऱ्याने भूलतज्ज्ञांसमोर गप्प बसण्याचं कारण नाही.