आधी जागा करा, मग बेल्टला हात लावा

गेल्या मे महिन्यात नाशिकमधल्या अंबडच्या एका गॅरेजात मी स्टूल ओढून अडीच तास नुसता बसून होतो. समोर पिवळ्या पाटीची व्हेरिटो, दीड लिटर डिझेल, टायमिंग बेल्टची वेळ झालेली. काम करणारा मुलगा तेवीस-चोवीसचा असेल. त्याने आधी बॅटरीची तार सोडली. ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं चाक काढलं, चाकामागचं प्लास्टिकचं अस्तर उतरवलं. त्यातून कुठल्या कुठल्या पावसाळ्यांची वाळलेली माती ढेपाढेपांनी खाली आली, ती त्याने झाडून बाजूला लोटली. मग चेंबरखाली लाकडी ठोकळा धरून जॅकने इंजिनाला टेकू दिला आणि त्यानंतरच वरचं माउंटिंग सोडलं.

इंजिनाची ती बाजू आणि गाडीच्या अंगाचा पत्रा यांच्यात हाताचा पंजा आडवा जाईल न जाईल एवढीच फट. कव्हरच्या एका बोल्टवर गोटी सरळ बसेना. मुलाने पाना बदलला नाही, जोर केला नाही. तो खाली वाकला आणि जॅक थोडा सोडला. इंजिन बोटभर खाली आलं, बोल्ट समोर आला. तो निघाल्यावर इंजिन पुन्हा बोटभर वर, आणि दुसरा बोल्ट समोर. जॅक हे त्याच्या हातात गाडी उचलायचं साधन राहिलंच नव्हतं, तो त्याचा सगळ्यात नाजूक पाना झाला होता. दीड तास उलटला तेव्हा बेल्ट पूर्ण उघडा पडला होता, आणि त्याला अजून कोणाचं बोट लागलेलं नव्हतं.

मंडळी, या अंकाचं संपादकीय त्या दीड तासाबद्दल आहे. टायमिंग बेल्टच्या कामात पुढे जे जे बिघडतं, त्यातलं बहुतेक याच दीड तासात बिघडतं, कारण आपण तो वाचवायला जातो.

ही गाडी आपल्याच गावची. महिंद्र आणि फ्रान्सची रेनो यांनी २००५ मध्ये हात मिळवले आणि २००७ मध्ये लोगन नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडली. २०१० मध्ये रेनो भागीदारीतून बाजूला झाली, २०११ मध्ये त्याच गाडीला व्हेरिटो हे नाव मिळालं, २०१३ मध्ये डिकी आखूड केलेली व्हाइब आली. बोनेटखालचं १४६१ सीसीचं के-नाइन-के डिझेल इंजिन आपल्याला पुढे डस्टर, टेरानो, सनी, मायक्रा यांतही भेटलं. नवी व्हेरिटो आता मिळत नाही, पण रस्त्यावर ती अजून भरपूर आहे, आणि कारखान्याच्या दारात असल्याने तिचं सगळं काम आपल्याला येतं असं या शहराने गृहीत धरलेलं आहे. त्या गृहीताला जागायचं असेल तर तिच्या सगळ्यात अडचणीच्या कामाबद्दल उघड बोलायला हवं.

अडचण कुठून आली? ब्रिटिश मिनीने १९५९ मध्ये इंजिन आडवं बसवलं आणि त्यानंतर लहान गाड्यांचा सारा संसारच तसा झाला. इंजिन आडवं, बोनेट आखूड, वाचलेली लांबी प्रवाशांना. लोगनचा व्हीलबेस २६३० मिलिमीटर. मागे तीन माणसं गुडघे न आवळता बसतात, म्हणूनच टॅक्सीवाल्यांनी ती घेतली. प्रवाशाच्या गुडघ्याला जी जागा मिळाली ती मिस्त्रीच्या मनगटाकडून काढून घेतलेली आहे. आडव्या इंजिनाचं टायमिंगचं तोंड थेट चाकाच्या कोनाड्याकडे वळतं, आणि तिथेच माउंटिंगही असतं.

बेल्टचा इतिहासही फार जुना नाही. जर्मनीच्या ग्लास कंपनीने १९६२ मध्ये १००४ ही गाडी विकायला आणली. कॅम दातेरी रबरी बेल्टने फिरवणारी ती बाजारातली पहिली मोटार. १९६६ पासून फियाटने हीच पद्धत आपल्या इंजिनात घेतली आणि ती जगभर गेली. चेन लोखंडाची आणि तेलात भिजलेली. बेल्ट कोरडा, रबराचा, आत काचेच्या धाग्यांची वीण. आवाज कमी, वजन कमी, किंमत कमी. बदल्यात अट एकच, वेळेवर बदला. फोर्डच्या एक लिटर इकोबूस्टसारख्या काही इंजिनांत बेल्ट तेलातच चालतो, तिथे तेलाची प्रत हाच जीव की प्राण. त्याबद्दल पुन्हा कधीतरी सविस्तर लिहू.

के-नाइन-केमध्ये एकाच बेल्टवर क्रँक, कॅम, हाय प्रेशर पंप आणि वॉटर पंप असा चौघांचा भार आहे. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. डिझेलमध्ये वर आलेला पिस्टन आणि हेड यांच्यात कागदाच्या थप्पीएवढीच जागा उरते. बेल्ट तुटला किंवा दात सोडून सरकला की पिस्टन उघड्या व्हॉल्ववर आदळतो, आणि बेल्टचं काम हेडचं काम होऊन बसतं. हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तरीही टायमिंग पिन कपाटात पडून राहते आणि खिशातून व्हाइटनर बाहेर निघतं.

व्हाइटनरची खूण मला अजिबात मान्य नाही. कारण साधं आहे. जुन्या बेल्टवर आणि गिअरवर पांढरी रेघ मारून तीच नव्या बेल्टवर उतरवली, तर जुनं जसं होतं तसं नवं बसेल. पण जुनं बरोबर होतं हे कोणी तपासलं? आधीच्या माणसाने एक दात चुकवला असेल, तर आपण त्याची चूक पैसे घेऊन पुन्हा बसवून देतो. त्यात बेल्ट सुटला की व्हॉल्वच्या स्प्रिंगा कॅमला ढकलतात, तो एकदम उडतो, आणि रेघ कुठल्या कुठे जाते. अडचणीच्या जागेत ती रेघ आपण वाकड्या मानेने, बॅटरीच्या उजेडात, तिरकी बघतो. तिरक्या नजरेला एक दात सहज चुकतो.

या इंजिनाला दोन पिना आहेत. एक ब्लॉकमधलं बूच काढून त्याच्या जागी बसवायची, दुसरी कॅमच्या गिअरच्या भोकातून हेडमध्ये. पंपाच्या गिअरची खूण वेगळी बघावी लागते. ब्लॉकमधल्या पिनेबद्दल एक गोष्ट ठसवून सांगतो, कारण अनुभवी माणसंही इथे चुकतात. ती पिन म्हणजे थांबा आहे, कुलूप नाही. क्रँक चालत्या दिशेने हळू फिरवत आणायचा आणि पिनेला टेकला की थांबायचं. ती पिन आत ठेवून क्रँकच्या पुलीचा बोल्ट सोडायला गेलात तर पिन वाकेल, आणि वाकलेली पिन पुढच्या प्रत्येक गाडीला खोटं सांगेल. बोल्ट सोडायला फ्लायव्हील धरायचं साधन वापरा. ते नसेल तर गाडी पाचव्या गिअरमध्ये घालून जोडीदाराला ब्रेकवर उभं करा. टॉमी चासीला टेकवून सेल मारायचा प्रकार कृपा करून बंद करा. त्यात पाना सुटून लागलेली बोटं मी पाहिलेली आहेत. आणि हा बोल्ट ताणून बसणारा आहे, आधी टॉर्क आणि मग अंशांत फिरवायचा. जुना पुन्हा लावू नका.

आता माझी गोष्ट सांगतो. नाशिकमध्येच द्वारकेजवळच्या एका गॅरेजात मी हाताखाली काम शिकत होतो तेव्हाची. एका डिझेल टॅक्सीचा बेल्ट मी एकट्याने बदलला, पहिल्यांदाच. माउंटिंग सोडायचा कंटाळा केला, पंपाच्या गिअरवरची खूण खालून हाताने चाचपून ठरवली. गाडी सुरू झाली. थोडा पांढरा धूर होता, तो नव्या कामाचा समजून मी सोडून दिला. दुसऱ्या दिवशी ती गाडी मुंबईहून परत येताना कसाऱ्याच्या घाटात चढेना. आत सवारी होती, एक म्हातारी आणि तिची सून, दवाखान्यातून घरी निघालेल्या. त्या दोघी घाटात रस्त्याच्या कडेला दोन तास उन्हात उभ्या राहिल्या. ड्रायव्हर संध्याकाळी गॅरेजात आला तेव्हा ओरडला नाही. फक्त म्हणाला, “दादा, आजींना पाणीसुद्धा नव्हतं.” उस्तादांनी रात्री माझ्यासमोर माउंटिंग सोडलं, इंजिन खाली घेतलं, आणि मला सरळ नजरेने पंपाची खूण दाखवली. एक दात. जी खूण मी अर्धा तास चाचपत होतो ती जागा केल्यावर दोन मिनिटांत दिसली. त्यानंतर मी न दिसणाऱ्या खुणेवर बेल्ट कधी चढवला नाही.

जागा करायला वेळ लागतो आणि वेळेला पैसे लागतात. खरं दुखणं इथे आहे. गिऱ्हाईक येऊन सांगतं, अमक्या ठिकाणी दोन तासांत करून देतात, मजुरी निम्मी. आपण गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून भाव पाडतो, आणि पडलेला भाव वेळेतून वसूल करतो. चाक तसंच राहतं, माउंटिंग तसंच राहतं, हात फटीत जातो. यावर माझा सरळ सल्ला असा, की इस्टिमेटवर दोन ओळी वेगळ्या लिहा. पहिली ओळ उघडणं आणि बंद करणं, दुसरी ओळ बेल्ट. गिऱ्हाइकाला चाक काढलेली गाडी दाखवा, त्याचा स्वतःचा हात त्या फटीत घालायला सांगा. मजुरीवर घासाघीस करणारा टॅक्सीवाला हात बाहेर काढल्यावर गप्प होतो, हे मी अंबडच्या त्या गॅरेजात डोळ्यांनी पाहिलं.

त्याच इस्टिमेटमध्ये टेन्शनर आणि वॉटर पंपही धरा. पंप याच बेल्टवर फिरतो. आज पाचशे-हजार वाचवायला जुना ठेवला आणि सहा महिन्यांनी तो गळायला लागला, की तोच दीड तास पुन्हा, आणि नव्या बेल्टवर कुलंट सांडलेलं. क्रँक आणि कॅमच्या सीलभोवती तेलाचा ओलावा दिसला तर तोही आत्ताच मिटवा. तेल पिऊन रबर फुगतं. बेल्टच्या पाकिटाबद्दल इतकंच, की ज्याच्याकडून पक्कं बिल मिळतं त्याच्याकडूनच घ्या.

बसवून झाल्यावर पिना काढा आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, थांबा. दोन फेऱ्यांनंतर दोन्ही पिना पुन्हा अलगद आत गेल्या पाहिजेत, टेन्शनरची खूण जागेवर पाहिजे. त्याआधी सेलला हात लावायचा नाही. अंबडच्या त्या मुलाने दोन फेरे झाल्यावर टेन्शनर पुन्हा सैल केला, कारण खूण केसभर सरकली होती. मला ती दिसलीही नव्हती.

आयटीआयमधल्या शिक्षकांनाही एक विनंती. मोटार मेकॅनिकच्या आणि डिझेलच्या मुलांना बेल्ट शिकवतात तो बहुधा स्टँडवरच्या इंजिनावर. तिथे चारही बाजूंनी उजेड, चारही बाजूंनी हात जातो, आणि काम पटकन उरकतं. तो मुलगा गॅरेजात आला की त्याच कामाला दिवस का लागतो हे त्याला कळत नाही. त्याला वाटतं आपण संथ आहोत, आणि तो घाई करायला लागतो. स्टँडच्या टायमिंगच्या बाजूला पंज्याच्या अंतरावर प्लायवूडची एक फळी उभी करा. खर्च जवळजवळ नाही. त्या फळीआड केलेला एक बेल्ट उघड्यावरच्या दहा बेल्टांपेक्षा जास्त शिकवेल.

हे सगळं आत्ता लिहायचं कारणही सांगतो. २०२७ च्या सिंहस्थाच्या स्नानांना आपल्या टॅक्स्या दिवसरात्र पळतील. नाशिक–त्र्यंबक, नाशिक–शिर्डी, कसारा, समृद्धी. या गाड्यांमध्ये कितीतरी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या आहेत आणि बेल्ट कधी बदलला हे मालकाला सांगता येत नाही. कंपनीचं पुस्तक किलोमीटर आणि वर्षं दोन्ही देतं, जे आधी भरेल ते धरायचं. मीटरवर भरवसा नसेल आणि कागद नसेल, तर बेल्ट बदललेला नाही असंच समजा आणि मालकाला तसं स्पष्ट सांगा. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. महिन्यातून दोनदा देवळात जाणाऱ्या घरच्या गाडीलाही हे लागू आहे.

आणि काम झालं की बोनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा. तारीख, मीटरवरचे किलोमीटर, बेल्टसोबत काय काय बदललं, पिन लावून केलं की नाही, आणि तुमच्या गॅरेजचं नाव. पुढच्या मिस्त्रीला ती चिठ्ठी वाचता आली पाहिजे, म्हणून पक्क्या शाईने लिहा आणि वरून पारदर्शक टेप लावा. या महिन्यात तुमच्या हातून जो पहिला बेल्ट होईल त्या गाडीपासून सुरुवात करा.